दगड तापेपर्यंत

लाकडावर तापणाऱ्या साउनात, म्हणजे फिनलंडच्या गरम वाफेच्या न्हाणीघरात, नवखा माणूस शिरला की त्याची नजर आधी भिंतीवरच्या तापमापकाकडे जाते. काटा ८० वर आला की त्याला वाटतं, झालं, बसूया. बसतो, दगडांवर पाणी टाकतो, आणि चर्र होण्याऐवजी पाणी दगडांवरून ओघळत खाली जातं. कुठेतरी तळाशी एक केविलवाणा फुसका आवाज येतो. हवा तापली होती, दगड तापले नव्हते. साउनाचं निम्मं शास्त्र या एका फरकात आहे, आणि नवख्यांच्या बहुतेक तक्रारी (‘डोकं भणभणलं’, ‘पाय गारच राहिले’, ‘वाफ अंगाला चावली’) शोधत गेलं तर शेवटी आगीपाशी, दगडांपाशी नाहीतर हवेपाशी येऊन थांबतात.

आपल्याकडे हॉटेलांच्या पाट्यांवर ‘सॉना’ लिहितात. फिनिश माणूस ‘साउना’ म्हणतो, ‘साऊ’ आणि मग ‘ना’. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या त्या देशात ३० लाखांहून जास्त साउना आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या साउना-संस्कृतीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. शहरातल्या फ्लॅटांमध्ये आता विजेची शेगडी असते. कळ दाबली की काम झालं. पण तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरी अजून लाकूडच जळतं. तांपेरेमधला १९०६ सालचा रायापोर्ती आणि हेलसिंकीतला १९२८ सालचा कोतिहार्यू हे सार्वजनिक साउनाही लाकडावरच चालतात. वीज की लाकूड यावर तिथे वाद घालणारे पुष्कळ. लाकडाची बाजू घ्यायची तर जुन्या दिवसांची हुरहुर आणायची गरज नाही. लाकडाच्या शेगडीला स्वतःचा श्वास असतो. ती खोलीतली हवा ओढून धुराड्यातून बाहेर टाकत राहते, त्यामुळे खोली कोंदत नाही. शिवाय आग निखाऱ्यांवर आली की उष्णता हळूहळू उतरत जाते, एकसुरी राहत नाही.

शेगडीला फिनिशमध्ये ‘किउआस’ म्हणतात. खाली जळणाचा कप्पा, त्याच्या तळाशी बिडाची जाळी, जाळीखाली राखेचा खण, आणि वर दगडांचा ढीग. राखेचा खण हा नुसता राख साठवायला नसतो. शेगडीला हवा देणारा तोच नळ. तो किती उघडा ठेवायचा हे कळलं की निम्मी शेगडी कळली. शेगडी खोलीच्या मापाची हवी. माप काढताना लांबी, रुंदी, उंची गुणून थांबायचं नाही. काच, विटा, फरशी किंवा आतून न झाकलेला ओंडका उष्णता गिळतो, म्हणून अशा दर चौरस मीटरमागे सव्वा ते दीड घनमीटर जास्त धरतात. दोन मीटर बाय दोन मीटर, उंची २.२ मीटर, म्हणजे ८.८ घनमीटरची खोली. तिला दीड चौरस मीटरचा काचेचा दरवाजा लावला की शेगडी ११ घनमीटरची बघायची. छोटी घेतली तर ती लाल होईस्तोवर जाळावी लागते आणि लवकर फाटते. फार मोठी घेतली तर उलटा त्रास: खोली वीस मिनिटांत भाजून निघते आणि दगड तसेच अर्धेकच्चे.

आता दगड. नदीकाठचे गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर, पण त्यांच्या पोटात पाणी अडकलेलं असू शकतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. चुनखडीचा दगड तर मुळीच नको. तो भाजला की चुना होतो, आणि त्यावर पाणी टाकणं म्हणजे काय हे ज्यांनी चुनकळी विरघळताना पाहिली आहे त्यांना सांगायला नको. साउनाला ऑलिविन डायाबेस, पेरिडोटाइट असे जड, घट्ट, अग्निजन्य दगड लागतात, जे शेकडो वेळा तापून पाण्याखाली चरकले तरी टिकतात. साधारण मुठीएवढे. आणल्यावर ब्रशने धुवायचे, नाहीतर पहिल्या वाफेबरोबर दगडाची पूड नाकात जाते.

रचण्यात घाई करू नये. मोठे खाली, लहान वर. चपटे दगड आडवे थापायचे नाहीत, उभे लावायचे. फटी राहिल्या पाहिजेत, कारण हवा त्या फटींतून वर चढते आणि वरच्या थराला तापवते. ठासून भरले तर खालचे दगड आणि शेगडीचा पत्रा धगधगतो, वरचे कोमटच. फार विरळ ठेवले तर पाणी थेट लाल झालेल्या पत्र्यावर पडतं: वाफ टोकदार येते, पत्रा वाकतो, कधी वेल्डिंगला चीर जाते. वर्षातून एकदा सगळे दगड काढून पुन्हा रचावेत. ठिसूळ झालेले, हातात पूड सोडणारे, एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजण्याऐवजी बद्द वाजणारे टाकून द्यावेत. तळाशी साचलेला चुरा झाडून काढला नाही तर हवेची वाट तिथेच बंद होते. ‘हल्ली साउना पूर्वीसारखा तापत नाही’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, दगड शेवटचे कधी उपसले होते?

शेगडी नवी असेल तर पहिली आग आंघोळीसाठी नसते. पत्र्यावरचा रंग आणि तेल जळताना उग्र धूर निघतो. म्हणून दारं-खिडक्या सताड उघडून, शक्य असेल तर दगड न भरता शेगडी उघड्यावर ठेवून, वास जाईपर्यंत जाळायची.

लाकूड कुठलं, याचं फिनिश उत्तर ठरलेलं आहे: बर्च. हा आपल्या भूर्जाचाच भाऊबंद. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्याच कुळातली साल तिथे विस्तव पेटवायला वापरतात. सालीत तेल असतं, त्यामुळे ओलसर असली तरी धरते. कागदाची गरजच नाही. आल्डरही चांगलं, काजळी कमी. पाइन आणि स्प्रूस ठिणग्या उडवतात, पण पहिल्या काटक्यांसाठी उत्तम, कारण चटकन पेटतात. जातीपेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते आधी उकळून बाहेर घालवण्यातच आग दमते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की एक किलो लाकूड साधारण चार किलोवॅट-तास उष्णता देतं. त्यासाठी झाड हिवाळ्यात तोडून, वसंतात फोडून, निदान एक अख्खा उन्हाळा वाऱ्यावर, वरून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून रचावं लागतं. दोन फोडी एकमेकींवर वाजवाव्यात: टण्ण वाजल्या तर वाळल्या, थप्प वाजल्या तर अजून थांबा. लांबी बहुतेक शेगड्यांना ३३ सेंटीमीटर चालते, जाडी मनगटापासून फार तर दंडाएवढी. जाड ओंडके रात्र काढायला बरे, दगड तापवायला नाहीत. तिथे ज्वाळा लागते, धुमसणं नको. रंगवलेली फळी, प्लायवूड, औषध मारलेलं लाकूड, कचरा यांतलं काहीही आत जायला नको. त्याचा विषारी धूर तर असतोच, वर धुराड्यात चिकट काजळी बसते आणि एक दिवस तीच पेटते.

पेटवण्याआधी तीन गोष्टी हाताने तपासायच्या, डोळ्यांनी नव्हे: राखेचा खण रिकामा आहे, धुराड्याची झडप पूर्ण उघडी आहे, हवा आत येण्याचा झरोका बंद नाही. झडप बंद ठेवून काडी लावणारे दरवर्षी निघतात, आणि पुढची अर्धी संध्याकाळ खोकण्यात जाते. दोन-तीन मध्यम फोडी जाळीवर आडव्या, थोडं अंतर सोडून. त्यांवर आणखी एक थर उलट्या दिशेने. त्यावर बोटाएवढ्या काटक्यांची मूठ, आणि सगळ्यात वर सालीची चिंधी. काडी वरच लावायची. चुलीची सवय असलेल्या हाताला हे उफराटं वाटतं, कारण आपण विस्तव खाली घालून वर लाकडं ठेवतो. पण वरून पेटवलं की खालच्या लाकडांतून निघणारा धूर ज्वाळेतूनच वर जातो आणि जळून जातो. काजळी कमी, धूर कमी, आणि धुराडं आधी गरम होऊन ओढ चांगली लागते. राखेचा खण दोन बोटं उघडा ठेवावा.

धूर उलटा खोलीत आला तर समजावं की धुराड्यात गार, जड हवेचा गोळा बसला आहे. थंडीत, आठवडाभर बंद राहिलेल्या साउनात हे हमखास होतं. काजळी काढायच्या झाकणातून, किंवा ते नसेल तर शेगडीच्या दारातून वरच्या बाजूला, एक-दोन कागदांचे बोळे जाळले की गोळा हलतो. दाराशी फुंकर मारत बसण्यात अर्थ नाही. साउना घराच्याच छपराखाली असेल तर स्वयंपाकघरातला पंखा बंद करावा. तो बाहेर फेकलेली हवा धुराड्यातून परत ओढून घेतो.

आग धरली की खण जवळजवळ बंद करायचा, नुसती फट ठेवून. इथे नवखा नेमकं उलट करतो. भडका बघून त्याला उत्साह येतो, खण तो सताड उघडतो, शेगडी घुमायला लागते, पत्र्याच्या कडा लाल होतात आणि त्याला वाटतं साउना जोरात तापतोय. तापतंय ते धुराडं. उष्णता दगडांपाशी थांबायच्या आत छपरावरून उडून जाते, आणि जाळी, पत्रा दोन्ही वेळेआधी जळून जातात. पहिली रास, साधारण तीन-चार किलो, वीस-पंचवीस मिनिटांत निखाऱ्यावर येते. मग दोन-तीन फोडी, त्या बसल्या की पुन्हा दोन-तीन. मध्यम खोलीला असे तीन फेरे आणि तासभर ते दीड तास पुरतात. थंडी कडक असेल तर आणखी एक फेरा.

दगड तापले का, हे थोड्याशा पाण्यावर कळतं. चमचाभर शिंपडावं. दगड काळपट होऊन ओला राहिला तर नाही. पाणी लागताक्षणी कोरड्या आवाजात फुटून नाहीसं झालं, आणि दगडाचा रंग तितक्याच लवकर परत आला, तर हो. त्यानंतरही दहा मिनिटं थांबून ज्वाळा बसू द्याव्यात. निखाऱ्यांवरची ऊब आणि ज्वाळेची धग अंगाला वेगवेगळी लागते. ज्वाळा चालू असताना तापलेला पत्रा किरणांनी एक बाजू भाजतो, पाठ तशीच गार.

धुराडंच नसलेला साउनाही असतो, सावुसाउना, म्हणजे धुराचा साउना. त्यात उघड्या दगडांच्या राशीखाली कित्येक तास आग चालते, धूर खोलीतच भरतो आणि दारातून, वरच्या झरोक्यातून बाहेर जातो. विस्तव पूर्ण विझला, धूर निघून गेला, दगडांवर थोडं पाणी मारून काजळीची वाफ बाहेर घालवली, खोली निवळली, की मग माणसं आत जातात. त्याची वाफ मऊ असते खरी. पण आग विझण्याआधी आत जाणं जिवावर बेततं आणि इमारत पेटण्याचा धोका मोठा. नवख्याने जाणत्याने तापवलेल्या सावुसाउनात पाहुणा म्हणून बसावं. स्वतः तापवायला जाऊ नये.

आत जायच्या आधी अंग साबणाने धुवून पुसून घ्यायचं. ओल्या अंगाने बसलं तर घाम उशिरा सुटतो. अंगठी, साखळी, चष्मा बाहेर. धातू तापला की कातडीला डाग देतो. ग्लासभर पाणी प्यायलेलं असावं, पोट तट्ट नसावं. बाकावर टॉवेल पसरायचा, हा शिष्टाचारही आहे आणि चटके वाचवायची युक्तीही. बाक ॲस्पेन, आल्डर अशा हलक्या, राळ नसलेल्या लाकडाचे करतात, कारण असं लाकूड उष्णता हळू सोडतं. त्याच तापमानाचा खिळा मात्र मांडीला लागला तर ओरडायला होतं. म्हणून बाकाचे स्क्रू नेहमी खालून मारलेले असतात.

बसायचं कुठे? पहिल्यांदा खालच्या बाकावर. पण साउनातली खरी जागा वरची. गरम हवा छताशी गोळा होते, दगडांच्या पातळीखाली गारवा पडून राहतो. जाणकार सांगतात की वर बसणाऱ्याचे पाय दगडांच्या माथ्यापेक्षा उंच असावेत, आणि वरचा बाक छतापासून मीटर-सव्वा मीटर खाली. बाक याहून खाली बांधले की डोकं भाजतं आणि पाय गारठतात. मग माणूस आणखी लाकडं घालतो, डोकं आणखी भाजतं, पाय तिथेच. हा दोष जळणाने सुटत नाही. सुताराला बोलवावं लागतं.

आणि आता पाणी. दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेला फिनिशमध्ये वेगळा शब्द आहे, ‘लोयलू’. साधी वाफ म्हणायला दुसरा शब्द आहे; हा खास साउनातला. मूळ अर्थ श्वास, प्राण. हंगेरियन भाषेत याच मुळापासून आलेल्या शब्दाचा अर्थ आत्मा असा होतो. लांब दांड्याच्या ओगराळ्यात शंभर मिलिलिटर पाणी घेतलं, तर त्याची सुमारे १७० लिटर वाफ होते. दहा घनमीटरच्या खोलीत हे फार नाही. मग एवढं का जाणवतं? ८० अंशांच्या कोरड्या हवेत ओलावा १० टक्के असेल तर तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) ३२ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे कातडीपेक्षा खाली. घाम वाळत राहतो आणि माणूस तगतो. दोन ओगराळी टाकली की ओलावा १७ टक्क्यांच्या घरात जातो आणि दवबिंदू ४१ वर. आता कातडीच दवबिंदूपेक्षा गार ठरते. गार पेल्यावर बाहेरून थेंब धरतात तसे अंगावर थेंब धरतात, आणि वाफ पाणी होताना आपली साठवलेली सगळी उष्णता अंगाला देते. पाठीवरून जी लाट सरकते ती हीच. पहिल्या लाटेनंतर अंगावर दिसणाऱ्या पाण्यातलं बरंचसं घाम नसतंच.

त्याच हिशोबाची दुसरी बाजू दगडांची. शंभर मिलिलिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २६० किलोज्यूल लागतात. दगड ४० किलो असतील तर एका ओगराळ्यामागे ते सरासरी आठ अंशांनी उतरतात. २० किलो असतील तर सोळा. छोट्या शेगडीवर पाठोपाठ पाच ओगराळी ओतणाऱ्याला शेवटी नुसता ओला दगड का मिळतो, ते यातून कळावं. एक ओगराळं, मग थांबायचं. वाफ छताला लागून खाली यायला काही क्षण घेते; तेवढ्यात ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरं टाकणारा थोड्याच वेळात दाराकडे धावतो. पाणी एकाच जागी भसकन न ओतता सगळ्या माथ्यावर पसरावं, हात आणि तोंड शेगडीच्या थेट वर न आणता, बाजूने. आणि टाकण्याआधी बाकीच्यांना विचारावं. साउनात आवाज चढवण्याजोगा एवढाच एक विषय आहे.

पाणी गोडं आणि स्वच्छ हवं. खारं पाणी शेगडी खातं. जड पाण्याचा पांढरा थर दगडांवर बसतो आणि त्यांची भोकं बुजवतो. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनचं पाणी दगडांवर टाकलं तर ते श्वासातच येतं. सुगंधी तेल आवडत असेल तर बादलीभर पाण्यात काही थेंब. नुसतं तेल तापल्या दगडावर टाकलं तर ते भडकतं.

बर्चच्या फांद्यांची जुडी अंगावर मारायची पद्धतही इथलीच. पश्चिम फिनलंडमध्ये तिला ‘विहता’ म्हणतात, पूर्वेत ‘वास्ता’, आणि कुठलं नाव खरं यावर दोन्हीकडचे लोक हौसेने भांडतात. उन्हाळ्याच्या मध्यावर, युहान्नुस या सणाच्या सुमारास, पानं फांदीला घट्ट असतात, तेव्हा हातभर लांबीच्या फांद्या तोडून बुंध्याशी बांधायच्या. ताजी जुडी पाण्यातून काढून तशीच वापरावी. वाळवलेली वीसेक मिनिटं कोमट पाण्यात भिजवावी, नाहीतर पहिल्याच फटक्याला पानं जमिनीवर. मारायचं म्हणजे चोपायचं नाही. जुडीने वरची गरम हवा ओढून आणायची आणि अंगावर टेकवायची.

किती वेळ? नवख्याला आठ-दहा मिनिटं भरपूर. घड्याळापेक्षा शरीर ऐकावं: नाडी जोरात लागली, डोकं हलकं झालं, मळमळलं, की त्या क्षणी खाली उतरायचं. वरच्या बाकावरून एकदम उभं राहू नये. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, रक्तदाब उतरलेला असतो. भोवळ येते ती नेमकी शेगडीच्या बाजूला. खालच्या बाकावर मिनिटभर पाय हलवत बसावं, मग दार. बाहेर मोकळ्या हवेत तितकाच वेळ, अंगातून वाफा निघायच्या थांबेपर्यंत. मग पुन्हा आत. असे दोन किंवा तीन फेरे. मधली बाहेरची बैठक वाया गेलेला वेळ नाही, फेऱ्याचा अर्धा भाग तिथेच होतो. ती वगळून सलग अर्धा तास आत बसणाऱ्याला पुढचा दिवस डोकेदुखीत काढावा लागतो. एका बैठकीत अर्धा लिटर घाम सहज जातो, तो पाण्याने भरून काढायचा. दारू आधी नको, मध्ये तर नाहीच: रक्तदाब आणखी उतरतो, झोप लागते, आणि आत झोपलेल्या माणसाला कोणी उठवलं नाही तर ते प्राणावर येतं.

तळ्यात किंवा बर्फातल्या भोकात उतरायचं असेल तर शिडीने, हळू, कुणी सोबत असताना. गार पाण्याने श्वास एकदम आत ओढला जातो. डोकं पाण्याखाली असताना तसं झालं तर पाणी छातीत. पहिल्या खेपेला गुडघ्यापर्यंतही चालेल.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्याने, छातीत वारंवार आणि अनिश्चित दुखणाऱ्याने, महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्याने साउनात जाऊच नये. गरोदरपण, रक्तदाबाची औषधं, ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पूर्व फिनलंडमधल्या २३१५ पुरुषांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार साउना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, हे खरं. पण तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय ती माणसं आयुष्यभर सरावलेली. आणि साउना म्हणजे पैज नव्हे. हेइनोला गावात १९९९ पासून ११० अंशांत बसून राहण्याची जागतिक स्पर्धा भरायची, दर अर्ध्या मिनिटाला अर्धा लिटर पाणी टाकून. २०१० च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि स्पर्धा कायमची बंद पडली. जास्त वेळ टिकणाऱ्याला साउना जास्त कळतो, असं काही नाही.

दार बाहेर उघडणारं हवं आणि त्याला कडी-कुलूप काही नको, नुसत्या ढकलण्याने सुटणारी गोळी पुरे. भोवळ आलेला माणूस दाराला टेकला तरी बाहेर पडला पाहिजे. शेगडी आणि लाकडी भिंत यांतलं अंतर शेगडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते आकडे अंदाजाचे नाहीत. लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहिलं की ते आधीपेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. ओले टॉवेल, मोजे शेगडीच्या वर वाळत घालणं हे साउना जळण्याचं नेहमीचं कारण आहे. दोरी सुटते, कापड दगडांवर पडतं.

सगळ्यात घातक चूक मात्र आग शांत झाल्यावर होते. ऊब टिकावी म्हणून निखारे लाल असतानाच धुराड्याची झडप लावली जाते. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि ते साउनाच्या गुंगीसारखंच वाटतं. निखारे पूर्ण काळे होईपर्यंत झडपेला हात लावू नये. याचा इशारा देणारं यंत्र कपडे बदलायच्या खोलीत लावावं. साउनाच्या आतली उष्णता त्याला सोसत नाही.

शेवटच्या माणसाचं काम आंघोळीनंतरही असतं. बाक पाण्याने धुवायचे, पायाखालची लाकडी जाळी उभी करायची, निखाऱ्यांवर आणखी दोन फोडी टाकायच्या आणि दार, झरोके उघडे ठेवायचे, म्हणजे उरलेल्या उष्णतेने लाकूड आतून वाळतं. हे केलं नाही तर दोन-तीन वर्षांत बाकाच्या खालच्या बाजूला काळी बुरशी धरते आणि साउनाला आंबूस वास लागतो. तो कुठल्याही तेलाने जात नाही. धुराडं, रोज वापर असेल तर, वर्षातून एकदा साफ करून घ्यावं. राख दुसऱ्या दिवशी काढायची, पण तरीही ती विझली असं धरून चालायचं नाही, राखेखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. झाकणाची पत्र्याची बादली, आणि ती दगडावर किंवा मातीवर ठेवायची, लाकडी ओट्यावर नाही.